सतराचा पाढा ऐकतंय कोण?

मी अजिनाथ. आडनाव सांगत नाही, कारण गुप्तहेराने सगळंच सांगून टाकलं तर गुप्त काय राहिलं? बीड जिल्ह्यात पोलीस पुष्कळ आहेत, चोरही त्यांना पुरून उरतील इतके आहेत. पण दोघांच्या मधे उभं राहून दोघांकडेही संशयाने बघणारा माणूस मी एकटाच. माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि नाकाबद्दल बायको बोलते तेव्हा मी बोलत नाही. उंची बेताची आहे, पण ती धंद्याच्या सोयीची आहे. उंच हेर लांबूनच दिसतो.

आमचं गाव नकाशात सहजासहजी सापडत नाही. सिरसाळ्यावर बोट ठेवलं आणि ते जरासं घसरू दिलं की आमचं गाव लागतं. तिथं वरकरणी माझं मोबाईल दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या वर्षी सरपंचांच्या हरवलेल्या चपलेचं गाजलेलं प्रकरण मीच हाताळलं. ती चप्पल सापडली नाही, पण तपासात दुसऱ्या तिघांच्या चपला सापडल्या, आणि त्या तिघांनी अजून माझे आभार मानलेले नाहीत.

हेरगिरीचं शिक्षण मी रीतसर घेतलं आहे, तेही घरबसल्या. 'सात दिवसांत गुप्तहेर व्हा' असा एक ऑनलाइन कोर्स होता. त्यातले तीन धडे फुकट होते: संशय घेणे, पाठलाग करणे आणि चेहरा गंभीर ठेवणे. 'गुन्हेगार कसा ओळखावा' हा चौथा धडा, त्याला पैसे पडत होते. मी फुकटचेच तीन धडे दुप्पट वेगाने दोनदा पाहिले, म्हणजे सहा धडे झाले. प्रमाणपत्राचा नमुना जाहिरातीत होता. त्याचा स्क्रीनशॉट काढला, त्यावर माझं नाव घातलं आणि स्वतःच लॅमिनेट केलं. आपलंच दुकान, आपलंच यंत्र.

माझा साहाय्यक म्हणजे चाँद. शेजारी त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. पाठलागाला मोटरसायकल लागते आणि ती त्याच्याकडे आहे, या एका गुणावर मी त्याला नेमला. चार लोकांत त्याने मला 'सायेब' म्हणायचं असं आमचं ठरलं आहे. तो चार लोकांतच 'बे अज्या' म्हणतो.

तर पौषातल्या एका सकाळी बद्रीनाथ गुरुजी दुकानात आले. गुरुजींनी आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना पळवून लावलं. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार आहेत. त्यांचा आवाज असा, की शाळेत पाढा सुरू झाला की हौदावर पाणी पिणारा बैल तोंड वर करून उभा राहायचा. त्या दिवशी मात्र ते अगदी बारीक आवाजात बोलले.

"अजिनाथ, व्ह्यू कुठं विकत मिळतात?"

"पाहिजेत का गुरुजी?"

"मी घेतलेत म्हणं. निदान दुकान तरी ठाऊक असावं माणसाला."

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता, की प्रत्येक शिक्षकाने आपले धडे चित्रित करून शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकावेत. शाळेतले तरुण शिक्षक अंगद सर यांनी झपाट्याने कामाला सुरुवात केली. त्यांच्या व्हिडिओत हत्ती सोंडेने अपूर्णांक उचलतो, ससा त्याला भागतो, मागे संगीत वाजतं. हे व्हिडिओ अंगद सर स्वतः, त्यांची आई आणि कधीमधी चुकून बोट लागून मी, इतके लोक बघतात. गुरुजी काही केल्या कॅमेऱ्यासमोर उभे राहीनात. शेवटी अंगद सरांनी आपला फोन वर्गाच्या कपाटावर ठेवला आणि गुरुजींचा सतराचा पाढा चालू होता तो जसाच्या तसा टिपला. गुरुजींचं पाढा म्हणणं म्हणजे नुसतं म्हणणं नसतं. मधेच ते मागच्या बाकावर डाफरतात, मधेच टेबलावर छडी आपटतात, आणि संस्कृती नावाच्या मुलीला खिडकीबाहेर बघितल्याबद्दल ओरडतात. तेही सगळं व्हिडिओत आलं.

वर्षभर त्या व्हिडिओकडे कुणी फिरकलं नाही. आणि दिवाळी सरली तसा तो अचानक चालू लागला. पाहणाऱ्यांचा आकडा आमच्या गावच्या लोकसंख्येला मागे टाकून, सिरसाळ्याला मागे टाकून, तालुक्याकडे निघाला. वरून कौतुकाचा फोन आला. कौतुकाच्या पाठोपाठ एक निनावी तक्रार आली, की गुरुजींनी नाव व्हावं म्हणून खोटे व्ह्यू विकत घेतले. आता शनिवारी केंद्रप्रमुख सत्यशीला मॅडम चौकशीला येणार होत्या.

"गुरुजी, तुमची अब्रू म्हणजे माझी अब्रू," मी म्हणालो.

"अब्रूचं जाऊ दे," गुरुजी म्हणाले. "पोरं वर्गात माझ्याकडं बघत नाहीत आता. काही शिकवायला लागलो की म्हणतात, गुरुजी, हे व्हिडिओत हाय ना, मग घरी बघतो. मी म्हटलं, ठीक आहे, कुठं का होईना, कुणीतरी ऐकतंय. या एवढ्या एका गोष्टीवर हिवाळा काढला बघ मी. ते कोण ऐकतंय तेवढं शोधून दे. कुणीच नसलं, तरी तसं सांग."

मला एकदम भरून आलं. पण तिसऱ्या धड्यात चेहरा गंभीर ठेवायला सांगितलं आहे, म्हणून मी गंभीर राहिलो. चाँद बाहेर बसून सगळं ऐकत होता. गुरुजी गेल्यावर तो आत आला आणि हे प्रकरण फुकटात घ्यायचं असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

तपासाची सुरुवात मी नियमाप्रमाणे अशिलावर संशय घेऊन केली. गुरुजींचा फोन तपासायला मागवला. तो बटणांचा होता, मागे टॉर्च होती, आणि त्यातलं सगळ्यात आधुनिक यंत्र ती टॉर्चच होती. अशा फोनवरून व्ह्यू विकत घेणं शक्य नाही असं चाँद म्हणाला. मी त्याला समजावलं, की ज्याच्याकडे हत्यार सापडत नाही तोच सराईत. यावर तो पाना घेऊन गॅरेजात निघून गेला.

मग मी शाळेत गेलो. व्हिडिओ कुणी कुणी पाहिला, असं विचारताच वर्गातले सगळे हात वर झाले. सतरा चोक किती, असं विचारताच सगळे खाली आले. खोलात गेलो तेव्हा कळलं, की गुरुजींच्या पाढ्याची लिंक सगळ्यांकडे आहे. ती आली की पोरं पुढे पाठवतात, पुढच्याने अंगठा दाखवला की अभ्यास झाला. पूर्वी न शिकलेला माणूस अंगठा द्यायचा. आता शिकल्याची खूण म्हणून देतात. एकाही पोराने लिंक उघडलेली नव्हती. म्हणजे पाढा ऐकणारे या वर्गातले नव्हते, आणि ही गोष्ट गुरुजींना सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही.

खिडकीशी एक मुलगी बाहेर बघत बसली होती. नाव विचारलं तर संस्कृती म्हणाली. मी वहीत 'संशयित' असं लिहिलं, आणि ते बरंच झालं, कारण पुढे तिचं नाव मला फार निराळ्या ठिकाणी सापडलं.

ते ठिकाण म्हणजे व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया. त्या मी दुकानात बसून चाँदला मोठ्याने वाचून दाखवल्या. एकाने लिहिलं होतं, 'गुरुजी एक नंबर. आता एकबी फिरकत न्हाई.' दुसरा म्हणत होता, 'युसूफ वडगावला बी रिझल्ट चांगला हाय.' तिसऱ्याची तक्रार होती, की आवाज आणखी मोठा पाहिजे होता. आणि चौथ्याने लिहिलं होतं, 'संस्कृतीला बोलतेत तिथं लई फरक पडतो.'

पाढ्यातला एकही आकडा कुणी लिहीत नव्हतं. पाढा शिकणारा माणूस 'एकबी फिरकत न्हाई' असं का म्हणेल? मी ताडलं, की ही टोळी आहे. सतराचा पाढा हे तिचं सांकेतिक संभाषण, 'संस्कृती' हा इशारा, आणि 'फिरकत न्हाई' ते पोलीस. चाँदने सरळ त्यांनाच खाली विचारावं असं सुचवलं. त्याला तपासातलं काही कळत नाही. गुन्हेगाराला विचारून शोध लावायचा असेल तर मग हेर कशाला पाहिजे?

खरा स्फोट झाला तो अंगद सरांनी दिलेल्या माहितीने. चॅनेल त्यांच्या ताब्यात होता, आणि व्हिडिओ कोणत्या वेळी पाहिला जातो त्याचा आलेख त्यांनी मला दाखवला. तो आलेख म्हणजे एक टेकडी होती. दिवस उगवला की वर चढायची आणि मावळला की सपाट. रात्री एक माणूस बघत नव्हता. रविवारीही तेच, संक्रांतीच्या सुट्टीतही तेच.

इथे माझ्या बुद्धीने भरारी घेतली. रात्री अजिबात न बघणारे कोण? पहिलं उत्तर, रातांधळे. पण रातांधळ्याला फोनचा उजेड दिसतो, हे चाँदनेच लक्षात आणून दिलं आणि मी ते स्वतःचं म्हणून लिहून घेतलं. दुसरं उत्तर जास्त भयंकर होतं. हे काम माणसाचं नव्हतंच. सूर्य असेल तोवरच चालणारं यंत्र, म्हणजे सोलरवर चालणारं यंत्र कुठेतरी दिवसभर खोटे व्ह्यू काढत होतं. आणि गावात सोलर कुणाच्या घरावर? अंगद सरांच्या.

सगळं जुळत होतं. ज्याच्या हत्तीला कुणी विचारत नाही, त्याने म्हाताऱ्याला आधी खोटे व्ह्यू द्यायचे आणि मग निनावी तक्रार करून पाडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाँदला शिडी धरायला लावली आणि अंगद सरांच्या गच्चीवर चढलो. वर काचेची मोठी पाटी होती, शेजारी टाकी होती, आणि तिच्यातून जाड काळी वायर खाली घरात गेली होती. पुरावा हस्तगत करावा म्हणून मी ती वायर ओढली. ती वायर नव्हती, पाण्याचा पाइप होता, आणि त्यातलं पाणी चांगलंच तापलेलं होतं.

मी नाचत असताना अंगद सर जिन्यातून वर आले. कमरेला टॉवेल, डोक्यापासून छातीपर्यंत साबण.

"अजिनाथभाऊ, पाणी का बंद झालं?"

"तपास चालू आहे."

"माझ्या डोळ्यांत साबण गेलाय."

"त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे का, ते मी नंतर बघतो."

खालून चाँदने विचारलं, "बे अज्या, भाजला का?" मी उत्तर दिलं नाही. भाजलो होतो, पण टोळीला ते कळू द्यायचं नव्हतं. अंगद सरांनीच मग मला घरात नेऊन हाताला खोबरेल लावलं आणि चहा पाजला. त्यांच्या या चांगुलपणामुळे माझा संशय पक्का झाला.

शनिवार उजाडला. सत्यशीला मॅडम आल्या, सडपातळ, चष्म्यातून वर बघणाऱ्या, हसायचं काम घरी ठेवून आलेल्या. त्यांनी शाळेत सगळे कागद पाहिले आणि गुरुजींना एकच विचारलं, की हे पाहणारे कोण आहेत असं तुम्हाला वाटतं. गुरुजींनी माहीत नाही म्हणून सांगितलं. पुढे त्या काही बोलल्या नाहीत, आणि न बोलणारा अधिकारी आमच्याकडे वाईट समजतात.

पण आमच्याकडे पौषात आलेला अधिकारी हुरडा खाल्ल्याशिवाय परत जात नाही. चौकशी आपल्या जागी, ज्वारी आपल्या जागी. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पाराव यांनी मॅडमना आपल्या रानात यायचं आवतण दिलं, गुरुजींना हाताला धरून नेलं, आणि अंगद सरांनाही बोलावलं. मी तर निर्णायक खुलासा करायला अशीच जागा शोधत होतो. सगळे संशयित एका आगटीभोवती गोल बसलेले आणि पळायला चहूबाजूंनी ज्वारी.

आप्पारावांची ज्वारी त्या दिवसांत बघण्यासारखी होती. कणसं मोत्यासारखी टच्च भरलेली, आणि रानाच्या मधोमध लाकडी मचाणावर त्यांच्या मंडळी, छबुबाई, बसलेल्या. आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या. आप्पाराव भाजलेलं कणीस तळहातावर चोळून गरम हुरडा एकेकाच्या पुढ्यात टाकत होते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मॅडमही दोन घास खाऊन जरा सैल झाल्या. एकटे गुरुजी हातातला हुरडा तसाच धरून बसले होते.

मी उठून उभा राहिलो आणि घसा साफ केला.

"मॅडम, गुन्हेगार या आगटीभोवतीच बसलेला आहे."

आप्पाराव हुरडा चोळायचे थांबले. मी टोळी सांगितली, इशारे सांगितले, टेकडीचा आलेख सांगितला, सोलर सांगितला. मग हाताची पट्टी सोडून भाजल्याचा पुरावा सादर केला आणि बोट अंगद सरांकडे रोखलं. अंगद सरांच्या तोंडात गूळ होता, त्यामुळे त्यांना लगेच नाकबूल करता आलं नाही.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं," मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "की यांनी आंघोळीच्या पाण्याच्या बंबावर यूट्यूब चालवलं."

"तापलेलं पाणी खोटं बोलत नाही, मॅडम."

चाँद मान खाली घालून हसू लागला. तेवढ्यात रानाच्या पूर्वेकडच्या अंगाला ज्वारीत काहीतरी सळसळलं आणि हिरव्या पोपटांचा एक मोठा थवा कणसांवर उतरला. मचाणावरून छबुबाई ओरडल्या, "आवं, समदं खाल्लं की ओ त्यांनी. मी लावते बगा." आप्पाराव गडबडीने हात हलवून नको नको म्हणेपर्यंत ज्वारीच्या आतून आवाज आला.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. कोण हसतंय मागं? उठू का मी?"

तो बद्रीनाथ गुरुजींचा आवाज होता, खणखणीत, सगळ्या रानावर. आणि बद्रीनाथ गुरुजी आमच्यासमोर तोंड मिटून बसलेले होते. मॅडमनी गुरुजींकडे बघितलं, मग ज्वारीकडे बघितलं. ज्वारीत छडी आपटल्याचा आवाज झाला आणि अख्खा थवा फडफडत उठून शेजारच्या बांधापलीकडे गेला.

क्षणाचाही विलंब न लावता मी रहस्य उलगडलं. "जुळा भाऊ," मी म्हणालो. "गुरुजींना जुळा भाऊ आहे आणि तो ज्वारीत लपलेला आहे."

"अज्या, खाली बस बे," चाँद म्हणाला.

आप्पाराव कानकोंडे झाले होते. ते मॅडमकडे न बघता गुरुजींकडेच बघून बोलू लागले. "गुरुजी, माफी असावी. तुमी रानात येनार म्हनून सकाळपासून बंद ठिवलं होतं बगा. राखन हाय ती. फोन आन् स्पीकर."

मग सगळंच निघालं. पाखरं राखायला हल्ली माणूस मिळत नाही आणि गोफण फिरवायला आप्पारावांचा खांदा साथ देत नाही. त्यांनी आधी कुत्र्याच्या भुंकण्याचं रेकॉर्डिंग लावलं. पाखरं एक दिवस भ्याली, दुसऱ्या दिवशी स्पीकरवरच येऊन बसली. फटाके लावले, त्यालाही सरावली. अशात शाळेच्या ग्रुपवर आलेली गुरुजींच्या पाढ्याची लिंक बोट लागून रानातच उघडली, आणि समोरचं ज्वारीचं ताट मोकळं झालं. नुसता पाढा असता तर पाखरं तीन दिवसांत रुळली असती. पण गुरुजी मधेच कधी डाफरतील, कधी छडी आपटतील, याचा पाखरांना अंदाजच लागत नव्हता. संस्कृतीला ओरडतात तिथं तर साळुंक्याही राहत नव्हत्या. आप्पारावांनी ही गोष्ट बी-बियाण्याच्या शेतकरी ग्रुपवर टाकली, तिथून ती सिरसाळ्याला गेली, युसूफ वडगावला गेली, आणि जिथं जिथं ज्वारी दाण्यावर आली होती तिथं तिथं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गुरुजी सतराचा पाढा म्हणत राहिले.

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?" मी आप्पारावांना विचारलं.

"तुमी इचारलंच न्हाई की. तुमी समद्यांच्या गच्चीवर चढत होते."

मॅडमनी आधी पदर तोंडाला लावला, मग चष्मा काढून पुसला, आणि घरी ठेवून आलेलं हसू त्यांना तिथंच सापडलं. व्ह्यू विकत घेतलेले नाहीत, खरेच आहेत, असं त्या लिहून देणार होत्या. तक्रार निकालात निघाली. अंगद सर हसले, आप्पाराव हसले, मीही हसलो, कारण पाण्याच्या बंबाचा विषय मागे पडत होता.

गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या हातातला हुरडा गार झाला होता. "म्हणजे माझा आवाज ऐकून जे उडून जातात," ते म्हणाले, "तेच माझे ऐकणारे."

मॅडमचं हसू गेलं. गुरुजींनी मला जे शोधून द्यायला सांगितलं होतं ते सापडलं होतं, आणि ते सापडलंच नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. हेरगिरीच्या फुकट धड्यांत यावर काही नव्हतं. पैसे भरले असते तरी मिळालं असतं की नाही, कोण जाणे.

रानात स्पीकर चालूच होता. 'सतरा साते' एवढं म्हणून तो अडखळला, घरघरला आणि बंद पडला. चार्जिंग संपलं होतं. बांधापलीकडचे पोपट लगेच वळले. तशा छबुबाई मचाणावर उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि थेट गुरुजींच्या सुरात त्यांनी पुढचं उचललं.

"एकोणिसासे. सतरा आठे छत्तिसासे. संस्कृती, खिडकीतनं काय बघतीस, तिकडं काय मामा आलाय तुजा? सतरा नव्वे त्रेपन्नासे."

पोपट आल्या वाटेने परत गेले. गुरुजी हातातला हुरडा पानावर ठेवून उठले आणि ज्वारी बाजूला सारत मचाणाखाली जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या मागे गेलो. छबुबाईंनी गुरुजींना पाहून घाईने पदर डोक्यावर घेतला.

"छबुबाई, कितवीपर्यंत शाळा झाली तुमची?"

"कशाची शाळा ओ गुरुजी. आमच्याकडं शेरडं होती."

"मग हे कसं येतं?"

"रोज ऐकते की. दिसभर तुमीच आसता सोबतीला. आता पाठ न्हाई व्हनार तर काय." मग त्या लाजत म्हणाल्या, "एक इचारू का? ती संस्कृती हुशार हाय ना? रोज एवढी बोलनी खाते बिचारी."

"हाय," गुरुजी म्हणाले. "लई हुशार हाय."

"मग बसू द्या की तिला खिडकीपाशी." गुरुजींनी मान हलवली, तशी छबुबाईंना धीर आला. "आन् पुढचं कावून न्हाई टाकलं ओ? सतरा दाहे झालं की परत एकेपासून सुरू. अठराचं बी आसंल की."

"आहे."

अंगद सरांनी चटकन खिशातून फोन काढला आणि कॅमेरा सुरू केला. गुरुजींनी मागे न बघताच हात केला आणि तो खिशात ठेवायला लावला. मग मान वर करून त्यांनी सुरू केलं, अठरा एके अठरा. मचाणावरून छबुबाईंनी उचललं, अठरा एके अठरा. अठरा दुणे छत्तीस. अठरा त्रिक चौपन्न. "मागं गप्प कोण बसलंय?" असं गुरुजी एकदम डाफरले, आणि केंद्रप्रमुख सत्यशीला मॅडम, अंगद सर, आप्पाराव, चाँद आणि मी, आम्ही सगळे हात बांधून म्हणू लागलो. अठरा चोकला मी नुसतं तोंड हलवलं. गुरुजींच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मला एकट्याला तीनदा म्हणायला लावलं.

अठरा दाहेपर्यंत जाऊन गुरुजी थांबले. घाम पुसला. मघाशी गार झालेला हुरडा आप्पारावांनी टाकून दिला आणि दुसरं कणीस आगटीत खुपसलं. आम्ही तिकडे वळलो, तेव्हा छबुबाई वरून वाकून विचारत होत्या, "उद्याबी येताल ना गुरुजी?"

हा प्रश्न गुरुजींना वर्गात कुणी कधी विचारला होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी वर बघितलं. मग "येतो" म्हणाले, पण इतक्या हळू, की रानातलं एकही पाखरू उडालं नाही.